सात दिवस फक्त वाचा

उमाशंकरकाका भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण अजूनही कुठल्याही गोष्टीची हद्द ठरवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. धाराशिवला आमच्याच गल्लीत त्यांचं घर आहे. दारावर पाटी आहे, ‘बेल एकदाच वाजवा.’ दोनदा वाजवणाऱ्याला ते दार उघडत नाहीत. मी वाजवून पाहिलंय.

मी सोनाली. बसस्टँडजवळ माझं सेवा केंद्र आहे. दाखले, आधार, केवायसी, जे म्हणाल ते. माझ्या आईच्या किडन्या गेल्या तेव्हा मी काकांच्या ‘सोबत’ या ग्रुपमध्ये आले. फोनवरचा ग्रुप, किडनीच्या पेशंटांचा आणि त्यांच्या घरच्यांचा. साडेचार हजार माणसं. मला कॉम्प्युटर कळतो म्हणून वर्षभरात काकांनी मला दुसरी ॲडमिन केलं. मी लगेच हुरळले. चार लोक ‘मॅडम’ म्हणायला लागले की माझ्यासारखीचं डोकं फिरायला वेळ लागत नाही.

काकांचे नियम कडक होते आणि त्यामागे कारण होतं. त्यांच्या बायकोचं, उमादेवीकाकूंचं, पोटाचं डायलिसिस चालायचं. पोटाला एक नळी बसवलेली असते. पिशवीतलं औषधी पाणी त्या नळीतून पोटात सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं, पुन्हा नवीन सोडायचं. दिवसातून चारदा, घरच्या घरी. काकूंनी पाच वर्षं हे केलं. मग ग्रुपमध्ये नवीन आलेल्या कुणीतरी एक काढा सुचवला. काकांनी स्वतः तो मागवला आणि स्वतःच्या हातानं काकूंना पाजला. वीस दिवसांत काकू गेल्या. सुचवणारा ग्रुपमधून गायब झाला, तो पुन्हा कधी सापडला नाही.

तेव्हापासून नवीन माणूस म्हणजे काकांना संशयित. पहिले सात दिवस त्यानं फक्त वाचायचं. काही लिहिलं तर ते आमच्याकडे अडकून राहायचं आणि आम्ही हो म्हटलं तरच पुढं जायचं. आधी ओळख द्यायची, तीही रुग्णाच्या पूर्ण नावासकट. शिवाय काही शब्दांना बंदी. काढा, भस्म, लेप, गोमूत्र. असला शब्द दिसला की पोस्टवर आपोआप लाल खूण पडायची. ‘शेळीचं दूध’ हा शब्द त्या यादीत मी घातला. डेंग्यूपासून मुतखड्यापर्यंत लोक सगळ्याला शेळीचं दूध सांगत सुटतात. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

बानूबाई सोमवारी ग्रुपमध्ये आली. भूमच्या पुढं एका वाडीवर राहणारी, शेरडं राखणारी बाई. नवऱ्याला पोटाचं डायलिसिस सुरू होऊन दोन महिने झाले होते. सोलापूरच्या दवाखान्यात ते शिकवताना तिथल्या सिस्टरनं तिला सांगितलं होतं, काही अडलं आणि फोन लागला नाही तर या ग्रुपवर विचारा, तिथं सगळी आपलीच माणसं आहेत.

तिला लिहिता येत नव्हतं. ती फोनला बोलून दाखवायची आणि फोन लिहायचा. पहिली पोस्ट आली, ‘म्या सुरजची आई. सुरजच्या बापाचं पानी पांढरं येतंय.’ काकांनी ती परत पाठवली. कारण क्रमांक दोन, रुग्णाचं पूर्ण नाव नाही.

पुन्हा आली, ‘घरधन्याचं पानी पांढरं येतंय.’ पुन्हा परत.

तिच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे आम्हा दोघांना काय माहीत नव्हतं? माझी आईसुद्धा अजून घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण काकांना नियमाच्या रकान्यात नाव हवं होतं. मला वाटलं, होईल शहाणी, शिकेल.

मंगळवारी दुपारी तिसरी पोस्ट आली. आता नाव होतं, तेही पोराकडनं फोनला बोलवून घातलेलं असावं. गोरोबा. आणि पुढं सवाल, ‘परवा यांना शेळीचं दूध दिलं. तवापासून पोटातनं पानी दुधासारखं येतंय. पोट दुखतंय. दूध बंद करू का?’ सोबत पिशवीचा फोटो.

‘शेळीचं दूध’. लाल खूण पडली.

माझ्या दुकानात केवायसीची रांग लागली होती. मी तेवढ्यातल्या तेवढ्यात काकांना फोन लावला. म्हटलं, “काका, आज शेळीचं दूध आलंय.”

“आलं का?” काका म्हणाले. “गाढविणीचं कधी येतंय बघू.”

आम्ही दोघं हसलो. मी पोस्ट पूर्ण वाचली नाही. फोटो उघडला नाही. ‘सात दिवसांनंतर विचार होईल’ हे बटण दाबलं आणि पुढच्या म्हाताऱ्याचा अंगठा यंत्रावर ठेवला.

पोटातनं निघालेलं पाणी पांढरट, गढूळ दिसलं की आत जंतूंची लागण झालेली असते. पिशवी हातात घ्यायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दुधाचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. हे आमच्या ग्रुपमधल्या कुणालाही विचारा. पिशवीमागं वर्तमानपत्र धरायचं, अक्षरं वाचता आली नाहीत तर निघायचं, हे काकांनीच लोकांना शंभर वेळा सांगितलंय. तो फोटो ग्रुपवर गेला असता तर पाच मिनिटांत पन्नास माणसं ओरडली असती.

बानूबाईनं दूध बंद केलं आणि उत्तराची वाट बघितली. दवाखान्याचा नंबर दोनदा लावला, दोन्ही वेळा बिझी लागला. गावातल्या डॉक्टरनं गॅसचं इंजेक्शन दिलं. शुक्रवारी गोरोबाची शुद्ध हरपली, तेव्हा जीप करून सोलापूरला नेलं. शनिवारी ते गेले.

हे सगळं आम्हाला कळलं ते तीन आठवड्यांनी, ती दारात उभी राहिली तेव्हा.

मी काकांकडं चहाला गेले होते. बेल एकदाच वाजली. दारात पन्नाशीची वाळकी बाई, कपाळ मोकळं, आणि पायाशी औषधी पाण्याची तीन खोकी. भूमहून एसटीनं आणलेली. एकेक खोकं उचलताना माझी कंबर मोडली असती.

“सोबतवालं सायब तुमीच का?” तिनं विचारलं. “सिस्टर म्हनल्या, उरलेलं सामान तुमी दुसऱ्या पेशंटला देता. कुनाच्या तरी कामी यील.”

उरलेलं सामान गरजूला द्यायचं ही आमच्या ग्रुपची रीत खरीच. काकांनी वही काढली. सवयीनं विचारलं, “रुग्णाचं पूर्ण नाव?”

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, “आता घ्यायला काय हरकत हाय. गोरोबा.” आणि आडनाव सांगितलं.

काकांचा पेन थांबला. त्यांना ओळख पटली. मलाही पटली.

तिनं कमरेच्या पिशवीतनं फोन काढून काकांपुढं धरला. “माजा सवाल हितंच अडकलाय बगा. रोज उघडून बगते म्या. आता तुमी समोरच हाव तर सांगा सायब. दुधानं झालं का ते? म्याच पाजलं व्हतं. न्हाय म्हनत व्हते ते. म्या म्हनलं, प्या, अंगात ताकद यील.”

हे विचारायला ती आली होती. खोकी हे नुसतं निमित्त होतं.

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी कपात पाहिलं. नाही म्हणावं तर ती विचारणार, मग कशानं? आणि ते सांगितलं की तिला कळणार, सवालाचं उत्तर त्याच दिवशी मिळालं असतं तर काय झालं असतं. काढा स्वतःच्या हातानं पाजल्यावर काय होतं, हे त्या घरात काकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना तिची दया यायला हवी होती. मला अजून वाटतं की दया आली होती, पण भीती तिच्याआधी पोचली.

“सांगता येत नाही, बाई,” काका म्हणाले. “असल्या पेशंटला दूध द्यायचं नसतं. कधी कधी होतं असं दुधानं.”

बानूबाईनं मान हलवली. रडली नाही. “व्हय,” ती म्हणाली. “मला वाटलंच. म्याच मारलं.”

मी चहा संपवला. ती चहा न घेताच गेली, भूमची गाडी होती म्हणाली. काकांनी वहीत तीन खोकी लिहिली, तारीख टाकली, आणि फोनवर जाऊन तिची पोस्ट काढून टाकली. नियमांत त्यांनी काहीच बदललं नाही. मीही सुचवलं नाही.

मागच्या आठवड्यात मी तिला फोन केला. नंबर ग्रुपच्या यादीत होता, इतके दिवस होताच. सुरुवातीला इकडचं तिकडचं बोललो. तिनं सगळी शेरडं भूमच्या बाजारात विकून टाकली होती. दुधाचा वास आला तरी उलटी होते म्हणाली. दोन वेळचं खाणं जात नाही, पोरगा रागावतो.

मी डोळे मिटून एका दमात बोलून टाकलं, “मावशी, दुधानं नाही झालं ते. दुधानं तसं होतच नाही. तुमची काही चूक नव्हती.”

पलीकडून तिचा आवाज आला, एकदम जवळून, जणू तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला होता.

“मग कशानं झालं, ताई?”

मी म्हटलं, “हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये.” तिचा आवाज मला अगदी स्पष्ट येत होता. मी फोन ठेवला आणि दुकानातल्या रांगेकडं वळले.