पोहोचू न दिलेली माफी

मी आज जो काही आहे, तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या सरांमुळे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म सरांनी शेजारी बसून माझ्याकडून भरून घेतला.

सरांचे वडील ब्रिटिशांच्या फौजेत होते; दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडले. त्यांना न्यू गिनीकडच्या एका बेटावर नेऊन राबवलं. छावणीतून पळालेला त्यांचा एक सोबती पकडला गेला आणि सगळ्या कैद्यांसमोर त्याचं मुंडकं उडवलं. "कुणीतरी एकदा चुकलं म्हणायला हवं होतं," एवढंच ते शेवटपर्यंत म्हणत.

पुढे मी नोकरीसाठी जपानमध्ये नागोयाला आलो, लग्नही इथल्याच जपानी मुलीशी केलं. निवृत्तीनंतर सर आमच्याकडे आठ दिवस राहायला आले, तेव्हा मी त्यांना सासऱ्यांकडे जेवायला नेलं. सरांच्या वडिलांची हकीकत मी सासऱ्यांना आधी सांगितली होती. त्यांनी फक्त बेटाचं नाव विचारलं होतं.

सासऱ्यांच्या देवघरात त्यांच्या वडिलांचा फोटो असतो. सरांनी घरून आणलेला बेसनाचा लाडू फोटोपुढे ठेवला आणि हात जोडले. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या फोटोला करतात, तसे.

सासऱ्यांचा चेहरा पडला. ते जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि जपानीत म्हणाले, "माझे वडील त्याच बेटावर कैद्यांवर पहारा करत होते. पळालेल्यांना मारलं, तेव्हा ते बंदूक घेऊन उभे होते. तीच छावणी होती का, मला माहीत नाही. तुमच्या वडिलांची मी माफी मागतो." मग त्यांनी कपाळ चटईला टेकवलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत रे?"

मी म्हणालो, "लाडवाबद्दल आभार मानतायत."

"अरे, उठव त्यांना! एका लाडवासाठी एवढं? डबाच देऊन टाक."

सर हसले. सासरे मान खाली घालून तसेच राहिले.

बायकोला मराठी बोलता येत नाही, पण कळते. स्वयंपाकघरात ती म्हणाली, "बाबांनी हे आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. आणि तू..."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला. सरांना ते सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. "सेन्सेई काय म्हणाले?"

"म्हणाले, आता ते सगळं मागे पडलं."

ते फोनवर रडले.

सासरे गेल्या महिन्यात वारले. त्यानंतर मी हे पत्र पाठवलं:

आदरणीय सर,

त्या दिवशी माझे सासरे लाडवासाठी वाकले नव्हते. ते तुमच्या वडिलांची माफी मागत होते. त्यांचं बोलणं सोबतच्या कागदावर जसंच्या तसं लिहिलं आहे. तुम्ही ताटावरून उठून जाल, या भीतीनं मी खोटं सांगितलं. गेला असतात, तर तो तुमचा हक्क होता. वर तुमच्या नावानं मी त्यांना क्षमाही देऊन टाकली. तोही अधिकार माझा नव्हता. तुमचं जे उत्तर असेल, ते मी त्यांच्या फोटोसमोर जपानीत वाचून दाखवीन. कितीही कडू असलं, तरी त्यातलं काही गाळणार नाही.

तुमचा विद्यार्थी