विमानातलं पाणी

शकुन नर्सला अकोल्यात सगळे विमानवाली बाई म्हणत, आणि तिला त्या नावाचा वीट आला होता. लोकांना वाटे, ही ढगांतून मजेत हिंडून आली. बासष्टच्या लढाईत लष्कराच्या विमानातून आपण तेजपूरहून जखमी जवान कलकत्त्याला नेत होतो, हे तिने शंभरदा सांगितलं. तरी भातकुलीच्या मावशीचं आपलं एकच, वरून आपलं गाव केवढं दिसतं?

मजा कसली डोंबलाची. एकावर एक स्ट्रेचर, कान बधिर करणारी घरघर, आणि थंडी एवढी की सलाइनची बाटली काखेत धरून ऊब द्यावी लागे. पुढे नोकरी सोडून ती अकोल्याला आली, तर गेलेल्या जवानांच्या घरचे पत्ता काढत येऊ लागले. कुणाचा कोण, तिला आठवतही नसे. ती सगळ्यांना तेच सांगे, त्रास झाला नाही, झोपेतच गेला. सांगून सांगून ती थकली होती.

सहासष्टच्या उन्हाळ्यात हिवरखेडच्या केशरबाई आल्या. त्यांचा गोवर्धन विमानातच गेला, एवढं पलटणीच्या पत्रात होतं. त्याला मात्र शकुन विसरली नव्हती. सबंध विमानात वऱ्हाडी बोलणारा तो एकटाच होता.

केशरबाईंच्या जिवाला चार वर्षं एकच घोर लागला होता. "जाताना पोराच्या तोंडात कोनं पानी घातलं काय, बाई?"

हो म्हणणं सोपं होतं. पण शकुनला आता खोटं बोलण्याचंही त्राण उरलं नव्हतं. तिने खरं ते सांगितलं. गोळी पोटात होती. ऑपरेशन होईतो थेंबभरही पाणी द्यायचं नाही, असा डॉक्टरचा हुकूम होता. तो सारखा मागत होता. तिने ओला बोळा ओठांना लावला. तो चोखायला लागला, तर तिने तोही काढून घेतला.

केशरबाईंनी एवढंच विचारलं.

"नाही देलं तं वाचला काय थो?"

"नाही."

शकुन शिव्याशापांची वाट पाहत राहिली. तिला ते हवेच होते.

"वाचवतो म्हनला असता डाक्टर, तं म्याबी नसतं देलं," केशरबाई म्हणाल्या. "कितीबी रडला असता तरी."

शकुनला रडू आवरेना. मुलगा केशरबाईंचा गेला होता, आणि पाठीवरून हात त्याच फिरवत बसल्या.