गार कपाळं

नर्स प्रेमलता जगदाळेचा हात वॉर्डात थर्मामीटरच्या आधी चालायचा. सकाळी ड्यूटीवर आली की ती एकेका पलंगापाशी थांबायची, पेशंटच्या कपाळावर तळवा ठेवायची आणि सांगायची, "थोडा ताप आहे," नाहीतर "काही नाही, चहा घ्या." मग थर्मामीटर लागायचा आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं.

ती इंदूरच्या छत्रीबागेतली. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. त्या घराण्याचं आपल्याकडे एकच शिल्लक आहे, असं ती हसून सांगायची: कधी आजारी न पडणं. त्यामुळे नोव्हेंबरात दवाखान्यानं कर्मचाऱ्यांसाठी फ्लूची लस ठेवली, तेव्हा ती तिकडे फिरकलीच नाही.

"प्रेमलताजी, दो मिनट का काम है," डॉक्टर मुकुल मागे लागले. ते तिच्या मुलाच्या वयाचे.

"अहो, मला साधी शिंक येत नाही. माझ्यावर कशाला वाया घालवता?"

"तुमच्यासाठी नाहीच आहे ती. काचेच्या खोलीसाठी आहे."

वॉर्डाच्या टोकाला काचेच्या दाराची एक खोली होती. तिथे जवळच्या महू गावची पलक होती, कॉलेजातली पोर. रक्ताच्या कॅन्सरवर केमो चालू होती आणि साध्या सर्दीशी लढायलाही तिच्या अंगात काही उरलं नव्हतं.

"तिला लस दिली तरी या औषधांमुळे तिच्या अंगात ती नीट काम करणार नाही," मुकुल म्हणाले. "तुमच्या अंगात करेल."

"मास्क लावते ना मी!"

लावायचीही. पण बोलताना तो हनुवटीवर ओढायची. तोंड झाकून कुणाला धीर देता येतो का, असं तिचं म्हणणं. पलक तर रोज टोपी मागे सारून कपाळ पुढे करायची. "ताई, आधी हात. मग ते मशीन."

जानेवारीतल्या एका सकाळी खिडक्यांबाहेर दाट धुकं होतं. पहिल्याच पलंगावरचं कपाळ प्रेमलताला गार लागलं. थंडी आहे, ती मनाशी म्हणाली. दुसरंही गार. तिसऱ्या पलंगावरची बाई बिस्कीट बुडवून खात होती, तिच्याकडे बघून हसत होती, आणि तळव्याखालचं तिचं कपाळ मात्र दगडासारखं थंड होतं. हा गारवा प्रेमलताच्या ओळखीचा होता. गेलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढताना बोटांना लागतो, तो.

तिनं थर्मामीटर लावला. नॉर्मल. दुसरा आणला. तोही नॉर्मल.

ती पुढे सरकत राहिली. ट्यूबलाइटची घरघर लांबून आल्यासारखी वाटत होती. माणसांचे ओठ आधी हलत होते, आवाज मागून येत होता. सगळा वॉर्ड उठून चहा पीत होता आणि सगळा वॉर्ड गार होता.

काचेच्या खोलीआधीचा पलंग नानांचा. दम्यानं बेजार झालेले, पण जीभ शाबूत. त्यांच्या कपाळाला हात लावायला तिला भीती वाटली. तरी लावला.

नाना दचकून मागे झाले. "अरे बाप रे! सिस्टर, हात आहे का तवा?"

"काय?"

"सीधे भट्टीतून आलात काय? जरा थांबा, पापड भाजून घेतो!"

वॉर्ड हसला. प्रेमलताचा हात तोवर काचेच्या दाराच्या मुठीवर गेला होता. मूठ बर्फासारखी होती. आत पलकनं टोपी मागे सारली होती.

माणसं गार नव्हती. तीच तापली होती.

आणि काल? काल काहीच दुखत नव्हतं. काल ती पलकवर वाकून, मास्क खाली ओढून खूप वेळ बोलली होती. ताप यायच्या आदल्या दिवशीही माणूस फ्लू दुसऱ्याला देऊ शकतो, हे मुकुलनी नोव्हेंबरातच सांगितलं होतं.

"ताई, या ना आत!" काचेमागून आवाज बारीक आला.

तिनं मूठ सोडली. मास्क नाकावर चढवला. "आज नाही, बेटा," ती म्हणाली आणि मागे सरली.

तपासणीत फ्लूच निघाला. मुकुल रागावले नाहीत. त्यांनी पलकला, नानांना आणि वॉर्डातल्या बाकीच्यांनाही आजार रोखायचं औषध सुरू केलं. "आता वाट बघायची," एवढंच म्हणाले.

घरी बंद खोलीत पडल्या पडल्या प्रेमलतानं स्वतःच्या कपाळावर हात ठेवला. काहीच कळेना. दोन्ही सारखीच तापलेली. फोनवर ती मुकुलना रोज एकच विचारायची, "पलक?"

"अजून ताप नाही."

एके दिवशी मुकुल म्हणाले, "पलक ठीक आहे. नाना..."

नाना घरी परतले नाहीत. त्यांना फ्लू प्रेमलताकडूनच आला की भेटायला येणाऱ्या कुणाकडून, हे नक्की सांगता येणार नाही, असं मुकुल म्हणाले. ती कामावर परतली तेव्हा त्या पलंगावर दुसरा माणूस होता. तिचा तळवा त्याच्या कपाळाकडे गेला आणि वरच थांबला.

पुढच्या लसीच्या वेळी बाही वर करून सगळ्यात आधी तीच बसली होती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी पलक तपासणीला आली. डोक्यावर आखूड, दाट केस. गॅलरीतच तिनं कपाळ पुढे केलं. "ताई, आधी हात!"

"नाही. आधी मशीन."

प्रेमलतानं थर्मामीटर स्वतःलाच लावला, आकडा बघितला, नाकावरचा मास्क चाचपला. मग पलकच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ उबदार होतं.

"झालं की, ताई," पलक हसली.

पण प्रेमलतानं हात उचलला नाही. कपाळ गार लागतंय का, आपलाच हात तर तापत नाही ना, हे ती बघत राहिली.