दुपारनंतर चुकणारी मशीन

“सकाळी बरूबर आन् दुपारी चूक, असं कुठं असतंय व्हय गं? मशीन काय जेवून सुस्तावती का?”

“ती न्हाय सुस्तावत, मालक. तुमी सिएस्ताच्या, दुपारच्या झोपंला मेन स्विच पाडता. परत चालू केली की मग तिचं डोस्कं फिरतंय.”

“तिचं न्हाय, तुझं फिरतंय! गळ्यापतुर मक्याचा पोलेंटा हाणायचा, घोरायचं, आन् डोळं चोळत पत्रा लावायचा. आज दुपारचाबी माल चुकला ना ओदिलिया, तर उद्यापासनं तू रंगखात्यात. मशीनवर दुसरा गडी लावतो.”

एवढं सुनावून एवेलियो गास्पारी जेवायला निघून गेला. ओदिलिया मार्किसोने मात्र डबा न उघडताच मशीनपाशी बसून राहिली. रंगखातं! त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

बाप लोहार. नांगराचे फाळ ठोकता ठोकता तो म्हातारा झाला आणि भाता ओढता ओढता ही मोठी झाली. गास्पारीच्या कारखान्यात आली ती झाडू मारायला. पण झाडता झाडता पत्रा वाकवायच्या मशीनपाशीच रेंगाळायची. एके दिवशी गडी आला नाही, तशी “मी लावते” म्हणून पुढं झाली, ती आजतागायत. मधल्या काळात नवरा आला नि गेला. मशीन तेवढी टिकली.

त्या मशीनचं सगळं इमान मागच्या दोन लोखंडी बोटांत. पत्रा आत सारायचा, तो बोटांना टेकला की पायाखालचं पेडल दाबायचं. वरची धार खाली येते आणि पत्रा वाकतो. बोटांनी किती मागं उभं राहायचं तो आकडा पडद्यावर घालायचा. आठवडाभर पडदा म्हणत होता एकशेवीस आणि बहुतेक दुपारी पत्रा निघत होता एकशेसतरा. पेरणीयंत्राच्या पेटीला तीन मिलीमीटर म्हणजे झाकण बसायची मारामार. ओदिलियानं शहाणपणा करून गुपचूप तीनची भर घातली, तर त्या दुपारी मशीन पाचानं चुकली, पत्रा दोनानं कमीच निघाला. वर ती भर काढायची राहिली आणि दुसऱ्या सकाळचा चांगला मालही भंगारात गेला. त्या शिव्या मात्र तिनं गुमान खाल्ल्या. कमाई तिचीच होती.

आता रोसारिओहून दामियान आला होता, सॉफ्टवेअरवाला. पोरगा कामाचा होता. त्यानं नवं सॉफ्टवेअर काढून जुनं घातलं, पट्टा ताणला, स्क्रूला ढिलाई आहे का ते डायल लावून बघितलं. सगळं ठणठणीत. सकाळभर पत्रा केसाएवढासुद्धा चुकला नाही.

सिएस्ता सरली. गाव जांभया देत उठलं. मालकानं मेन स्विच वर केला.

चालू झाली की ही मशीन आधी आपलं शून्य शोधते. बोटांचा गाडा सुरकन मागं जातो, त्याच्यावरच्या सेन्सरला शेवटची लोखंडी खूण दिसली की थांबतो, आणि तिथनं पुढं सगळी मोजणी. ओदिलिया रोज पुढं पडद्यापाशी उभी राहून बटण दाबायची. मागं काय होतं ते तिनं कधी बघितलंच नव्हतं! हे ध्यानात आलं, तशी तिनं बॅटरी उचलली.

“दामियान, आज बटण तू दाब. मी मागं जाते.”

मालक धावतच आला. “मागं? मागं काय पुरलंय? सेफ्टी हाय का न्हाय काय?”

“मागच्या जाळीचं दार सुतळीनं बांधलंय आठवडाभर, तवा कुठं गेलती तुमची सेफ्टी? जाळीभायेरनं बघते. हात न्हाय घालत.”

“अगं पन...”

“दाब रे!”

तिनं जाळीला नाक लावून बॅटरी मारली. गाडा गुणगुणत मागं आला, आला, आला आणि थांबला. खुणेच्या अलीकडंच!

“थांबली! आधीच थांबली, दामियान! खूण अजून म्होरं हाय!”

आणि खुणेच्या पट्टीला बिलगून, पोट जरासं पुढं काढून, एक चकचकीत स्टीलचा थर्मास उभा होता.

“मालऽऽक! ह्यो कुणाचा?”

एवेलियोचं तोंड बिटासारखं झालं. “माझा. आपल्या ‘माते’ चहाला गरम पानी हाय. रंगखात्यातला आमचा मेव्हणा झोपंतबी त्या चहाची नळी चोखतोय! दुपारी उठून बघावं तर थर्मास कोरडा. लपवू न्हाय तर काय करू?”

“म्हणजे तुम्ही सिएस्ताला तिथं ठेवता आणि मशीन चालू झाली की काढून घेता!” दामियान ओरडला. “आणि रोज थोडा इकडं-तिकडं ठेवता! म्हणून कधी तीन, कधी पाच! सेन्सरला काय, खूणही लोखंड नि थर्मासही लोखंड!”

“आता काढा, मालक,” ओदिलिया म्हणाली. “दामियान, परत शून्य घे.”

गाडा खुणेपर्यंत गेला. तिनं पत्रा लावला, वाकवला, माप लावलं. एकशेवीस!

“आता परत ठेवा, तिथंच!”

“आता कशाला?”

“ठेवा म्हंते ना!”

थर्मास ठेवला. शून्य घेतलं. पत्रा निघाला एकशेसोळा. पुन्हा काढला, पुन्हा एकशेवीस. ओदिलियानं अशी काही आरोळी ठोकली, की रंगखात्यातनं मेव्हणा ब्रशासकट बाहेर आला.

“माझंही चुकलं,” दामियान कळफलकावर वाकून बोटं चालवत म्हणाला. “एवढ्या लवकर शून्य सापडलं कसं, हे सॉफ्टवेअरनं विचारायला पाहिजे. शून्याची मागल्या वेळची जागा नि आताची जागा जुळली नाही, की आता मशीन अडून बसेल.”

एवेलियो थर्मास काखेत मारून घुटमळला. “मग ते रंगखात्याचं...”

“तिकडं तुमीच जावा, मेव्हण्याला राखायला. आन् व्हा बाजूला, उजेड अडवताय. सांजच्या गाडीला पेट्या जायच्यात.”

तिनं हातमोजे चढवले, थप्पीवरचा पत्रा उचलला, आत सारला. पत्रा बोटांना टेकल्याचा आवाज झाला, तसा तिनं पेडलवर पाय दिला.