कडू भाकरी

आमचे हे दौंडच्या लहानशा चर्चचे पाळक. ते गेले, पण घरोघर जाऊन दुःखातल्या माणसाजवळ बसायचं त्यांचं काम माझ्या गळ्यात राहिलं. मंडळीतले लोक मला अजून पाळकीणबाईच म्हणतात.

मंडळीतली एक बाई सणसवाडीला कंपनीत कामाला होती, खोली घेऊन एकटीच राहायची. चाळिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही. फोनवर तिला कुणी जहाजावरचा इंजिनियर भेटला. गोड बोलला, लग्नाचं ठरवलं, साठवलेले पैसे नेले आणि गडप झाला. असा माणूसच नाही, फोटोही भलत्याचाच, असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हापासून तिनं काम सोडलं, अन्न सोडलं. फोन तेवढा चार्जिंगला लावून त्याच्याकडं बघत बसायची.

तिची खुटबावची भावजय येऊन चार शब्द सुनावून गेली. मंडळीतल्या बायका प्रार्थना करून आल्या आणि मला सांगतात कशा, "पैसंच गेलं ना? माणूस तर न्हाई गेलं!" असा संताप आला मला! अगं बायांनो, माणूसच गेलाय की तिचा!

आमच्याकडं मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी नेतात आणि जवळ बसून घरच्यांना घास घ्यायला लावतात. तीच कडू भाकरी. तिच्याकडं कोण नेणार? मी सकाळी उठून पिठलं केलं, भाकरी फडक्यात बांधल्या आणि शिरूरवरून सणसवाडी गाठली.

फडकं सोडलं तशी ती चमकली. "ही कशाची भाकरी? कोण मेलं?"

"तुझा माणूस."

"आवं, तो नव्हताच म्हणं!" ती भडकली. "नसलेल्या माणसाचा कसला दुखवटा? लोक दात काढत्यात."

"काढू देत मेल्यांना. तू रडलीस का?"

ती खाली बसली. मग म्हणाली, "जेवायच्या सुट्टीत रोज इचारायचा, जेवलीस का. खोटं तर खोटं. पर इचारायचा की वो!" आणि तिनं असा हंबरडा फोडला की शेजारची परप्रांतीय बाई दारात येऊन उभी राहिली. मी बायबलातलं एकही वचन वाचलं नाही. नुसती पाठीवरून हात फिरवत बसले.

रडून झाल्यावर मी तिला घास भरवला. तिनं तो गिळला, दुसरा स्वतः घेतला. मग एकदम थांबली.

"आन् तुम्ही जेवलाय का?"

हे गेल्यापासून मला सगळे विचारतात ते आमच्यासाठी प्रार्थना कराल का, एवढंच. "व्हय, जेवले," मी म्हणाले.

"तुमास्नी न्हाई जमत खोटं बोलाया," म्हणत तिनं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून माझ्या तोंडापुढं धरला.

ह्यांच्या मयतीला आलेली कडू भाकरी मी तोंडात घेतली नव्हती. पाळकीणबाईनं इतरांना धीर द्यायचा ना! तो घास मी सणसवाडीच्या त्या खोलीत घेतला, आणि मग मला काही केल्या रडू आवरेना.