नव्याण्णव लिहिलेली माणसं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरातल्या अगदी शेवटच्या खोलीवर ‘आकडेवारी विभाग’ अशी पाटी होती. तिथे बसणाऱ्या बाईंना विद्यार्थी पाठीमागे आकडेबाई म्हणत आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कोणी ‘मला गरिबीवर काहीतरी करायचंय’ म्हणत आला की त्याला खुर्ची द्यायची आणि विचारायचं, गरिबी कोणाची, कुठल्या वर्षांतली, आणि आकडे जिल्ह्याचे हवेत की घराघराचे? निम्मे तिथेच गारद होत. उरलेल्यांना जनगणना, कुटुंबांची पाहणी, मजुरीची पाहणी यांतलं नेमकं काय उपयोगी पडेल, ते बाई चुटकीसरशी सांगत. वर एक ताकीद ठरलेली: आकडे उघडण्याआधी प्रश्नावली शेवटपर्यंत वाचा. ती कोणी वाचत नसे.

आता आकडे घरबसल्या मिळू लागले होते, त्यामुळे विभागाला कुत्रंही विचारत नव्हतं. बाई तरी दहाच्या ठोक्याला हजर. लग्न केलं नव्हतं, आई होती ती गेली, भाऊ परदेशात. तो अधूनमधून फोन करी, पण त्याला बोलायचं असे ते स्वतःच्या गुडघ्यांबद्दल. शुक्रवारी संध्याकाळी घराचं दार लावलं की सोमवारपर्यंत बाईंना तोंड उघडायचं कारणच पडत नसे. सोमवारी सकाळी शिपायाकडे किल्ली मागताना त्यांचा आवाज फुटत नसे आणि तो भला माणूस दर सोमवारी सर्दीवर काढा सुचवी.

अशात अर्थशास्त्राची एक मुलगी आली. प्रबंधाचा विषय, एकटी राहणारी माणसं. बाईंनी तिला चार वर्षांपूर्वीची एक मोठी पाहणी काढून दिली, आकडे मिळवायचा अर्ज स्वतः लिहून दिला, एकेक रकाना समजावला. पोरगी भलती बडबडी. डबा तिथेच खायची आणि तोंडात घास असतानाही तिच्या गाईडची नक्कल करायची. चौथ्या आठवड्यात तिच्या तोंडी मॅडमची मावशी झाली. घरी जाताना बाई आता उद्या तिला काय काय सांगायचं ते मनात जुळवू लागल्या. खरं सांगायचं तर, त्या वयात असली सवय लागू नये.

एका गुरुवारी ती प्रबंध घेऊन आली. दुसऱ्या दिवशी जमा करायचा होता. बाईंनी आधी आभाराचं पान काढलं. त्यात ‘आकडेवारी विभागातल्या मावशी’ होत्या. ते पान त्यांनी दोनदा वाचलं आणि मग त्या तक्त्यांकडे वळल्या. गेल्या आठवड्यात किती वेळा कोणाशी निवांत बोललात? कुटुंबात राहणारी माणसं, सरासरी तेरा वेळा. एकटी राहणारी, अडतीस वेळा. एकटे राहणारे एकाकी नसतात, उलट जास्त बोलके असतात, या शोधावर गाईडने मुलीची पाठ थोपटली होती.

चूक कुठे झाली ते बाईंना तिथल्या तिथे कळलं. त्या पाहणीत कोणी उत्तर दिलं नाही तर चौकटीत नव्याण्णव लिहायचं, असं प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं. संगणकाने तो आकडा नव्याण्णव वेळा मारलेल्या गप्पा म्हणून धरला होता.

गप्प बसलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता. परीक्षक तक्त्यांच्या खोलात जात नाहीत, हे बाई सव्वीस वर्षं बघत होत्या. बोललं तर उद्याचं सगळं बारगळणार आणि पोरगी पुन्हा या खोलीचं तोंड बघणार नाही. मानलेलीच मावशी, तोडायला कितीसा वेळ लागतो? बाईंचा तिच्यावर फार जीव जडला होता, आणि म्हणूनच त्या पाच मिनिटं नुसती पानं चाळत राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, “नव्याण्णवचं काय केलंस?”

मुलीला काही कळेना. बाईंनी ते शेवटचं पान तिच्यासमोर ठेवलं. ती आधी रडली, मग चिडली, आजच बरं सांगायचं सुचलं म्हणाली. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, नव्याण्णववाले सगळे वगळले आणि गणित पुन्हा केलं. एकटे आठ, कुटुंबातले बारा. निष्कर्ष जरा मवाळ करते आणि उद्या देऊन मोकळी होते, असं तिने ठरवूनही टाकलं.

“त्यांना वगळू नकोस,” बाई म्हणाल्या. “ते किती आहेत, ते बघ आधी.”

कुटुंबात राहणाऱ्यांत शंभरात एक. एकट्यांत तिघांत एक.

“कंटाळले असतील, मावशी. केवढी लांबलचक प्रश्नावली आहे. इतक्या साध्या प्रश्नाला उत्तर न द्यायला दुसरं काय कारण असणार?”

आता बाईंची खरी पंचाईत झाली. चार वर्षांपूर्वी पाहणीवाली त्यांच्याही स्वयंपाकघरात येऊन बसली होती. त्यांनी तिला पगार सांगितला, आजार सांगितले, वजनसुद्धा सांगितलं. या एका प्रश्नाला मात्र ‘ते राहू द्या’ म्हणाल्या, आणि तिने चौकटीत काय लिहिलं ते त्यांना उलट्या बाजूनेही वाचता आलं. म्हणजे मुलीच्या तक्त्यात शहरातली सगळ्यात गप्पिष्ट बाई त्याच होत्या. ही गोष्ट त्यांनी भावालाही सांगितली नव्हती. त्यांना त्याची लाज वाटत होती.

“त्यातली एक मी आहे,” त्या म्हणाल्या.

मुलीने हळू आवाजात विचारलं, “खरं उत्तर काय होतं?”

“शून्य. समोर बसलेल्या परक्या बाईला शून्य सांगवेना गं.”

“आणि या आठवड्यात?”

“चार,” बाई म्हणाल्या. “चारही वेळा तूच.”

मुलीने तिथूनच गाईडला फोन लावला आणि प्रबंध उद्या देत नाही म्हणून सांगितलं. महिन्याची मुदत मिळाली. उत्तर न देणाऱ्या माणसांवर तिने नवं प्रकरण लिहिलं, त्यासाठी बावीस दिवस ती तळघरात येत होती. मग प्रबंध जमा झाला आणि तिला येण्याचं कारण उरलं नाही.