डावरी गाठ

त्याला गावात नुसतं नामा कुणी म्हणत नसे. डावरा नामा. लहानपणी डाव्या हाताने पाटीवर लिहायचा, म्हणून गुरुजींनी त्या हातावर इतक्या छड्या ओढल्या की चौथीतच त्याने पाटी टाकली आणि बापाच्या होडीत जाऊन बसला. समुद्राला कुठल्या हाताचं काय पडलंय? पुढे जाळं सांधण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या कोळीवाड्यांत कुणी उरला नाही. त्याची गाठ मात्र सगळ्यांच्या उलट बसे, दोऱ्याचं टोक डावीकडे निघे. दुसरा कुणी सोडवायला बसला तर बोटं सोलून घेई. "मी मरंन, पन माझी गाठ सुटायची न्हाय," असं नामा छाती काढून सांगे.

अशा माणसाला साठी उलटल्यावर शाळेनं परत बोलावलं. आफरा मॅडम बोर्ली पंचतनहून रोज स्कूटीवरून यायच्या आणि त्यांनी शाळा प्लास्टिकमुक्त करायचं मनावर घेतलं होतं. फाटक्या जाळ्यांच्या पिशव्या करायच्या, पोरांनी त्या घरोघर द्यायच्या, बाजारात कुणी प्लास्टिकची पिशवी मागायची नाही. शिकवणार कोण? नामा! बंदरावर लोक खो खो हसले. "करून करून भागला आणि देवपूजेला लागला!" पण नामा दर शनिवारी धुतलेला सदरा घालून शाळेत जाऊ लागला. पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसत आणि त्याचं बघून उजव्या हाताची पोरंही डावरी गाठ मारत. ज्या शाळेनं त्याचा हात फोडला, तिथेच सगळा वर्ग त्याच्या हाताची नक्कल करत होता. त्याची नात अमिषा त्याच वर्गात. "माझा आजा हाय तो," असं ती ज्याला त्याला ऐकवायची. एवढं कौतुक नामाचं बायकोनंही कधी केलं नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी मॅडम पोरांना घेऊन किनारा साफ करायला गेल्या, तर भरतीच्या रेघेवर एक कासवीण जाळ्यात गुरफटून पडलेली. जिवंत होती. "नामाआजाला बोलवा!" पोरांनी एकच गिल्ला केला. नामा सुरी घेऊन धावत आला. मॅडमनी पोरांना लांब उभं केलं. कासविणीच्या पाठीवर पाणी पिळायला ओलं फडकं देऊन फक्त अमिषाला जवळ ठेवलं.

कासविणीचा पुढचा पाय जाळ्यानं आवळून काळा पडला होता. नामानं तिथे सुरी घातली आणि त्याचा हात थांबला. पिवळा दोरा. टोक डावीकडे.

दिवाळीआधी त्याचं जाळं पाण्याखालच्या खडकात अडकलं होतं. वारा उठला होता, होडी कलत होती. त्यानं जाळं कापलं आणि दिलं सोडून. सगळेच देतात. समुद्राचं पोट मोठं हाय, असं म्हणायची कोळीवाड्यात रीतच आहे. एकदा म्हटलं की झालं, मागं वळून बघायचं नाही.

गाठ काही केल्या सुटेना. ज्या गाठीची आयुष्यभर फुशारकी मारली, तीच आता तो सुरीच्या टोकानं दोरा दोरा करून कापत होता, आणि कासवीण तोंड उघडून धापा टाकत होती.

"आजोबा, कोण असेल हो असं जाळं टाकून जाणारा?" मॅडमनी विचारलं.

एक शब्द पुरला असता. पण समोर ती सगळी पोरं त्याच्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती. नामाची जीभ वळली ती भलतीकडेच.

"असंल कुनी भायेरचा. ट्रॉलरवाला."

पोरांनी त्या न पाहिलेल्या ट्रॉलरवाल्याला शिव्यांची लाखोली वाहिली. अमिषाचं फडकं हातातच राहिलं होतं. ती गाठीकडे बघत होती. मग तिनं आजाकडे बघितलं. पुस्तक वाचायला येण्याआधी तिला ती गाठ ओळखता येत होती. ती पुन्हा पाणी पिळू लागली.

वनखात्याची माणसं कासविणीला घेऊन गेली. पाय गेला, जीव राहिला. पोरीनं तोंडावर विचारलं असतं, भांडली असती, तर नामाला बरं वाटलं असतं. ती मुकाट्यानं जेवायची आणि पडवीत पाठ करून बसायची. एकदा त्यानं वाकून पाहिलं, तर तिनं आपली पिशवी पुरती उसवून काढली होती. आपल्यावरचा राग पिशवीवर काढतेय, असं त्याला वाटलं. तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेत प्रदर्शन होतं. एका बाजूला पोरांच्या पिशव्या. दुसऱ्या बाजूला तेच जाळं, धुऊन टांगलेलं, वर रंगवलेली पाटी: 'परक्या ट्रॉलरचं पाप'. नामाला शाल घातली, नारळ दिला.

"आता अमिषा आपल्या आजोबांची गाठ मारून दाखवेल," मॅडम माईकवर म्हणाल्या.

अमिषानं दोरा घेतला. टांगलेल्या जाळ्याकडे एकदा पाहिलं आणि गाठ मारली. उजवी. जुन्या गुरुजींना आवडली असती अशी.

पोरं कुजबुजली. मॅडम हसून म्हणाल्या, "अगं, ही नव्हे. आजोबांची दाखव."

"हीच हाय," पोरगी म्हणाली. "माझा आजा अशीच मारतो."

तेव्हा कुठे नामाला उसवलेल्या पिशवीचा अर्थ कळला. पोर रागावली नव्हती. आजाची डावरी गाठ त्या जाळ्यावरच्या गाठीशी कुणी ताडून बघू नये, म्हणून पडवीत बसून नवी शिकत होती. गुरुजींच्या छड्यांनी नामाचा हात बदलला नव्हता. त्याच्या एका खोट्यानं नातीचा बदलला. आता भर शाळेत ती आजासाठी खोटं बोलत उभी होती. भुई फाटावी आणि पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

तो उठला. तिच्या हातातला दोरा घेतला, डाव्या हातानं गाठ मारली आणि टांगलेल्या जाळ्यावरच्या गाठीला नेऊन लावली.

"बघा. सारखी हाय का न्हाय? ह्ये जालं माझा. ट्रॉलर बिलर कुनी नव्हता. मीच टाकलं, आनि तुमच्याशी खोटा बोललो."

कुणी टाळी वाजवली नाही. नामानं शाल काढली, पण ती परत घ्यायला कुणी हात पुढे करेना. शेवटी त्यानं ती घडी करून खुर्चीवर ठेवली आणि नारळ वर ठेवला.

फाटकापर्यंत गेला, तर मागून अमिषा रडत धावत आली.

"आजा, मी कुनाला सांगितला नव्हता. खरंच न्हाय सांगितला."

"ठावं हाय गो," नामा म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना. "त्येचीच लाज वाटते."